फरशीखालची वाट

फरशी झाकायची तर आधी ती झाडावी लागते, आणि एकदा झाडून भागत नाही, हे सयाजी घोगरे प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगून टाकायचा. वाळूचा एक कण खाली राहिला आणि त्याच्यावर सुताराचं मेज आलं, की नव्याकोऱ्या फरशीवर जन्माचा ओरखडा. म्हणून दोनदा झाडू, मग कोरडं फडकं, आणि शेवटी बॅटरीचा उजेड फरशीला लावून आडवा मारायचा. सरळ उभं राहून जे दिसत नाही, ते आडव्या उजेडात दिसतं.

सयाजी मूळचा परांड्याकडचा. चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत त्यानं बावीस वर्षं क्वालिटीला काढली होती. समोर येणारा नग मोजायचा; मापात बसला तर पुढे, नाही तर लाल डब्यात. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली तेव्हा त्याला सेहेचाळिसावं लागलं होतं. दुरुस्तीला काढलेल्या घरांच्या फरश्या काम संपेपर्यंत झाकून सांभाळायच्या, हा धंदा त्याला नवाबनं सुचवला. नवाब भोसरीत त्याच्याच गल्लीत राहायचा, टेम्पो चालवायचा, आणि घरं हलवताना, दुरुस्त करताना किती फरश्या नासतात ते त्यानं रोज पाहिलेलं होतं. चार वर्षांत दोघांनी चिंचवडपासून चाकणपर्यंत नाव केलं. सयाजीनं झाकलेली फरशी उघडली की जशीच्या तशी निघते, असं बिल्डर लोक सांगायचे. कंपनीतून त्यानं एकच वस्तू बरोबर आणली होती, नगांचं माप घ्यायचा स्वतःचा व्हर्निअर. तो अजूनही शर्टाच्या खिशात असायचा.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, चाकणजवळच्या निघोज्याहून गणराजचा फोन आला. गणराज गावातल्या जुन्या जमीनदार घरातला, पस्तिशीचा. कंपन्यांना कामगारांच्या बस लावायचा, आणि मोशीला त्याची चोवीस फ्लॅटची इमारत उभी राहत होती. पण आधी त्याला राहतं घर नवं करून घ्यायचं होतं. दुमजली, सिमेंटचं घर, सोळा-सतरा वर्षांपूर्वीचं. पूर्वेला पुढचं दार, पश्चिमेला मागचं, मध्ये तीस फुटांचा हॉल. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या दारातून परसातली चिंच दिसायची आणि चिंचेपलीकडे एका कारखान्याची निळी शेड.

हॉलमध्ये पांढऱ्या लाद्या नुकत्याच बसल्या होत्या. एवढ्या गुळगुळीत, की छताचा पंखा त्यांच्यात उलटा लटकलेला दिसत होता.

"सहा आठवडे सुतार, रंगारी, लाइटवाले, सगळे यावर नाचणार," गणराज म्हणाला. "एक ओरखडा नको. हे नीट झालं तर मोशीची सगळी इमारत तुम्हाला दिली म्हणून समजा."

"आणि ते मागचं दार?" सयाजीनं विचारलं. दारांच्या उंबऱ्यापाशी काम वेगळं करावं लागतं.

"ते बंद होणार. भिंत येणार तिथं, टीव्हीचं युनिट लावायचंय."

आतल्या खोलीतून लगेच आवाज आला. "म्या न्हाई म्हणून सांगितलंय."

ती गणराजची आजी, अंबूबाई. खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. हातात चौपायी वॉकर धरून ती खोलीच्या दारात उभी होती.

"का नको, ते तरी सांग की आजी," गणराज म्हणाला.

अंबूबाईनं मागच्या दाराकडे बघितलं. "नगं वाटतंय," एवढंच म्हणाली आणि आत वळली. पाठीमागून तिचे यजमान दत्तोबा आले, खाली मान घालून हॉलमधून चालत गेले आणि परसात जाऊन बसले.

सोमवारी काम झालं. जाड प्लास्टिकचा कागद, एकेका जोडावर वीतभर कागद चढवून पट्टी मारलेली, आणि त्यावर दोन सूत जाड पीओपीचा थर. पीओपी पाण्यात कालवलं की वीस मिनिटांत दगड होतं आणि घट्ट होताना गरम होतं, म्हणून तुकड्या-तुकड्यानं पसरावं लागतं. नवाब कालवायचा, सयाजी ओणवा होऊन थापीनं ओढायचा. पाच वाजता सगळा हॉल पांढऱ्या, मंद रंगाचा झाला, साय धरल्यासारखा. सयाजीनं दोन्ही टोकांना लांब पट्टी ठेवून पातळी पाहिली. कुठेही उंचवटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघायचं, हा त्याचा नियम होता. मंगळवारी सकाळी दहाला तो एकटाच गेला. सुतार अजून आले नव्हते. चपला बाहेर काढून तो आत शिरला आणि पुढच्या दारापासून दोन पावलांवर थांबला.

पीओपीवर अकरा उंचवटे आले होते.

तो खाली बसला. हवा अडकली असेल, हा पहिला विचार. पण हवेचा फुगा गोल असतो. हे लांबट होते आणि प्रत्येकाच्या मधोमध एक चीर होती, जणू कॉफीचं बी चिरेची बाजू वर करून ठेवावं. त्यानं व्हर्निअर काढला. लांबी अठ्ठेचाळीस मिलिमीटर. उंची तीन. पुढचा मोजला: अठ्ठेचाळीस, तीन. तिसरा थोडा लहान, पण उंची तीनच. अकराच्या अकरा तीन मिलिमीटर. यंत्रावर काढलेल्या नगांनाही इतकं सारखं माप येत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार!

आणि कुठेही तडा नव्हता. घट्ट झालेलं पीओपी वाकत नाही, ते फुटतं. इथे ते लोण्यासारखं वर आलं होतं.

त्यानं छिन्नीनं कडेचा एक तुकडा अलगद सोडवून उलटा केला. खालच्या बाजूला तसाच खळगा होता, आतून गुळगुळीत. प्लास्टिक त्या खळग्यात चापून बसलेलं. आणि त्याखाली फरशी. सपाट, कोरडी, थंड. तिच्यावर बॅटरी आडवी मारली तरी एक कण दिसत नव्हता.

त्यानं अकराही उंचवटे काढून जागा भरून घेतली. कोणाला काही सांगितलं नाही. माल खराब आला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि परतताना गोणीवरचा बॅच नंबर लिहून घेतला.

बुधवारी तो नवाबला घेऊन गेला. दारातच नवाब म्हणाला, "अरे, हे काय झालं?"

उंचवटे आता निम्म्या हॉलपर्यंत आले होते. शंभर तरी असतील. सुतार त्यांच्यावरूनच चालत होते, एकानं कुरकुरही केली, "काम खडबडीत झालंय हो तुमचं." नवाब उकिडवा बसला, बोटानं एका उंचवट्याची कड चाचपली, मग शेजारच्याची.

नवाबचे वडील आयुष्यभर चाकणच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. त्याचं लहानपण तिथल्या शेणात आणि धुळीत गेलेलं.

"सयाजीभाऊ, शेळीचं खूर टोकाला निमुळतं असतं," तो हळूच म्हणाला. "मेंढीचं बोथट. ही मेंढरं आहेत."

"काहीतरीच काय!"

"आणि सगळी एकाच बाजूला चाललीत. हे बघा, टोकं कुठं आहेत. पुढच्या दारातून मागच्या दाराकडं."

सयाजीनं पाहिलं. आता ते न दिसणं शक्यच नव्हतं. जोडीजोडीनं, चार-चाराच्या मेळानं पावलं पडत गेली होती. काही जवळजवळ, काही लांब ढांगांची. मध्येच एखादं बाजूला सरकलेलं आणि पुन्हा कळपात आलेलं.

"पण नवाबभाई, जनावर वरून चाललं तर खड्डा पडतो," सयाजी म्हणाला.

नवाबनं मान हलवली. "तेच तर म्हणतोय. हे वरून नाहीच चाललेलं."

सुताराचं कटर सुरू झालं आणि दोघांना बरं वाटलं. निदान आवाज तरी झाला.

दत्तोबा दारात कधी येऊन उभे राहिले ते दोघांनाही कळलं नाही. म्हाताऱ्यानं पायातल्या वहाणा काढल्या, मग डोक्यावरची टोपीही काढून हातात घेतली, आणि देवळात शिरावं तसा तो आत आला. पावलांच्या कडेकडेनं चालत गेला, एकावरही पाय पडू न देता.

"कार्तिकात जायची," दत्तोबा म्हणाले. "धनगराची मेंढरं. वरच्या अंगाकडनं यायची, आमच्या रानातनं मावळात, आन तिथनं खाली कोकणात. माझा आजा सांगायचा, त्याच्या आज्याच्या वक्तालाबी जायची."

"आता जातात का?" सयाजीनं विचारलं.

"आता कुठनं जातील? कंपन्या आल्या, कंपाउंडं पडली." दत्तोबांनी टोपी दोन्ही हातांत चुरगाळली. "ह्या घराचं जोतं बांधत हुतो त्या वर्साला आली हुती शेवटची. सळया बांधल्या हुत्या, खडी पडली हुती. म्या म्हणलं, दुसरीकडनं न्या. म्हातारा हुता धनगर. भांडला न्हाई, काय न्हाई. जोत्याकडं बघत हुबा राह्यला घटकाभर. मग मेंढरं वळवली."

"आणि गेली कुठं?"

"ते म्या इचारलं न्हाई," दत्तोबा म्हणाले. "त्याचं नाव बी इचारलं न्हाई."

रात्री जेवताना सयाजीनं भाकरी नुसतीच मोडून ठेवली. विजयश्रीनं, त्याच्या बायकोनं, दोनदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "एक माप जुळत नाहीये." ते खोटं होतं. माप तर सगळं जुळत होतं.

गुरुवारी सकाळी तो निघोज्याला पोचला तोवर मालोजी गवंड्यानं मागच्या दाराची चौकट काढून टाकली होती आणि विटा रचत तो छातीपर्यंत आला होता. अंबूबाई खोलीत पलंगावर बसून होती. तिनं सकाळचा चहाही घेतला नव्हता, असं मालोजीच सांगत होता. "पोरगं ऐकंना. मी तर सांगकाम्या. दुपारच्या आत पुरी करा म्हणालं." बाराच्या सुमारास शेवटची वीट बसली. हॉलमधला पश्चिमेचा उजेड गेला आणि खोली एकदम खोल वाटायला लागली. मालोजी जेवायला म्हणून घरी गेला. त्याच्या पाठोपाठ सुतारही गेले, लग्नाचं जेवण होतं गावात. गणराज कंपनीच्या गेटवर कसल्याशा मीटिंगला गेला होता.

सयाजीला आज उंबऱ्याजवळची कडा नीट करायची होती. नवाब बाहेर टेम्पोतून गोणी उतरवत होता. साडेतीन वाजले होते. ऊन लख्ख होतं. रस्त्यावरून कंटेनर जात होते, त्यांचा हादरा खिडकीच्या काचांना नेहमीसारखा जाणवत होता.

मग तो थांबला.

कंटेनर जाताना दिसत होते, पण काचा गप्प होत्या. शेजारच्या शेडमधल्या प्रेसचा धप् धप् आवाज, जो निघोज्यात दिवसरात्र असतो आणि म्हणून कोणाला ऐकू येत नाही, तो बंद पडल्यामुळे ऐकू आला. आणि वास आला. ओल्या लोकरीचा, चघळलेल्या पाल्याचा, खूप जनावरांच्या उबेचा वास.

सयाजी हॉलच्या मधोमध अनवाणी उभा होता. पुढच्या दाराच्या उंबऱ्यापाशी पीओपी हललं.

आधी एक. मग चार. मग, कढईत लाह्या फुलाव्यात तशी, पांढऱ्या जमिनीवर पांढरी पावलं वर येऊ लागली. वर यायची आणि तशीच राहायची, आणि त्यांच्या पुढे दुसरी यायची. दहा. चाळीस. मग मोजायची सोय उरली नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळा हॉल चालत होता.

आवाज मुळीच नव्हता. एवढं मोठं काही एवढ्या शांतपणे घडू शकतं, हे सयाजीला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. भीती वाटायला हवी होती. ती कुठेतरी असेलही. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते का आलं हे त्याला सांगता येत नव्हतं. लहानपणी परांड्याच्या किल्ल्यावरची तोफ पहिल्यांदा पाहिली तेव्हा असंच छातीत काहीतरी मोठं, मोठं होत गेलं होतं. हे त्याहून कितीतरी मोठं होतं.

कळप त्याच्यापाशी आला आणि दुभंगला. नदी खडकाला वळसा घालते तसा. तरी एखाददुसरं खूर त्याच्या तळपायाखाली आलंच. खालून हलका ठोका बसायचा, दारावर लहान मुलानं टिचकी मारावी तसा, आणि पुढे सरकायचा. ऊब लागायची.

दारात नवाब येऊन थबकला होता. त्याच्या ओठांची हालचाल होत होती. उंबरा ओलांडून आत यायला मात्र तो तयार नव्हता.

पुढचा कळप भिंतीपाशी पोचला.

नव्या, ओल्या भिंतीपाशी पावलं अडली. मागची येतच होती. एका पावलावर दुसरं, त्यावर तिसरं. टोकं वळायला लागली, इकडे, तिकडे, परत मागे. भिंतीलगतचं पीओपी पहिल्यांदाच तडकलं. बारीक तडा, केसाएवढा, मग दुसरा. कोंडलेल्या जनावरांचा जीव कसा घाबरा होतो, ते त्या मुक्या जमिनीवर स्पष्ट दिसत होतं.

आणि सर्वांत शेवटी माणसाचं पाऊल आलं.

उजवं, डावं. रुंद, बोटं फाकलेली, आयुष्यभर चालून सपाट झालेली. शेजारी काठीच्या टोकाचा गोल उंचवटा. दमादमानं ती पावलं हॉलमधून आली, कळपाच्या मागून, आणि सयाजीपाशी थांबली.

त्याच्या बरोबर खाली.

तळव्याला तळवा लागला. मध्ये दोन सूत पीओपी, प्लास्टिक, फरशी होती. तरी सयाजीला भेगाळलेली टाच लागली, अंगठ्यामागची हाडाची गाठ लागली. कोणीतरी त्याच्याखाली उलटं उभं होतं, त्याच्याच एवढ्या वजनाचं, जसा माणूस विहिरीच्या पाण्यात स्वतःच्या पायांवर उभा दिसतो. ते पाय घाईत नव्हते. रागातही नव्हते. फाटक बंद दिसल्यावर उघडायची वाट बघत उभं राहतात, तसे होते.

त्याला हलता येईना.

"पोरा."

अंबूबाई खोलीच्या दारात उभी होती. वॉकरशिवाय. चौकटीला धरून.

"दार उघड त्यांचं."

सयाजीला गणराज आठवला, मोशीची इमारत आठवली, चार वर्षांत मिळवलेलं नाव आठवलं. दुसऱ्याच्या घरात साधा खिळासुद्धा त्यानं कधी विचारल्याशिवाय ठोकला नव्हता. मग त्यानं एक पाय उचलला. खालचा पाय जागेवरच राहिला.

मालोजीचा घण भिंतीला टेकवून ठेवलेला होता. सयाजीनं तो उचलला आणि घातला. सिमेंट ओलंच होतं. तिसऱ्या घावाला वरचा थर बाहेर परसात कोसळला आणि उन्हाचा झोत आत आला. चौथ्या घावाला त्याच्या शेजारी नवाब होता. तो हातानंच विटा ओढत होता, बोटं सोलवटत होती, आणि "चला, चला, हो," असं जनावरांना म्हणतात तसं म्हणत होता.

भिंत छातीपर्यंत. कंबर. गुडघा.

शेवटचा थर निघाला आणि उंबरा मोकळा झाला.

दोघं बाजूला झाले. पावलं सरळ झाली. रांग लागली. उंबऱ्याच्या कडेपर्यंत पीओपी होतं तोवर ती दिसली. त्यापुढे परसातली माती होती, चिंच होती, निळी शेड होती. मातीवर काही उमटत नव्हतं. फक्त चिंचेखाली बांधलेली गणराजची म्हैस उठून उभी राहिली आणि तिची मान डावीकडून उजवीकडे हळूहळू वळत गेली. खूप वेळ वळत गेली.

माणसाचे पाय अजून हॉलच्या मधोमध होते. मग डावी टाच उचलली गेली, तिथला उंचवटा पुढच्या बाजूनं आणखी वर दाबला गेला, चालायला निघताना होतं तसा. उजवं, डावं, काठी. उंबऱ्यावर दोन्ही पाय जवळ आले, क्षणभर थांबले. दत्तोबा परसातून धावत येऊन तिथं पोचले होते. म्हातारा मातीत गुडघ्यावर बसला आणि त्यानं उंबऱ्याला कपाळ टेकलं. तो काहीतरी विचारत होता. पुन्हा पुन्हा तेच. सयाजीला ऐकू आलं ते एवढंच: "नाव काय, बाबा? नाव काय?"

मग काचा वाजल्या. शेडमधला प्रेस धप् धप् करायला लागला.

गणराज पाच वाजता आला. फुटलेली भिंत बघून त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "कोणाला विचारून? कोणाच्या बापाचं घर समजलात?" गणराज तावातावानं हॉलमध्ये शिरला, दहा पावलं चालला आणि त्याची चाल मंदावली. तो खाली बघत होता. मग खाली बसला. आजोबांकडे बघितलं, आजीकडे बघितलं. सुतारांना त्यानं दोन दिवस सुट्टी दिली, आणि शनिवारी मागच्या दाराला नवी सागवानी चौकट आली, आधीच्यापेक्षा फूटभर रुंद.

या गोष्टीचा उल्लेख गणराजनं पुन्हा कधी केला नाही. मोशीचं काम त्यानं सयाजीलाच दिलं. फक्त जाताना पाठ वळवून म्हणाला, "त्या इमारतीत पीओपी नको. पुठ्ठा घाला." पुठ्ठ्यावर काही उमटत नाही.

सहा आठवड्यांनी, सुतार-रंगारी गेल्यावर, झाकण उतरवायचा दिवस आला. पीओपी वीतवीत फोडून गोणीत भरायचं, प्लास्टिक गुंडाळायचं, फरशी पुसून मालकाच्या ताब्यात द्यायची. नवाब पावलांचे तुकडे फोडायला धजेना, म्हणून ते सयाजीनं फोडले. खळग्यांमधून धूळ सांडली, बाकी काही नाही. फरशी जशी झाकली होती तशी निघाली. व्हर्निअर लावायची गरजच नव्हती.

अंबूबाईच्या खोलीच्या दारापाशी मात्र त्याचा हात थांबला. तिथं पीओपीवर वेगळी पावलं होती. त्या दिवशी ती नव्हती, हे तो शपथेवर सांगू शकला असता. इवलीइवली, कोकराच्या खुरांची, अंगठ्याच्या पेराएवढी. ती मागच्या दाराकडे जात नव्हती. खोलीच्या दारापाशी गोल गोल फिरत होती, एकावर एक, किती दिवसांची, कोण जाणे. सगळ्यांत वरची ताजी होती. त्यांच्यावर रंगाऱ्याच्या रंगाचा एकही थेंब नव्हता.

"त्याला ऱ्हाऊ दे," मागून अंबूबाई म्हणाली. "त्ये मागं ऱ्हायलंय."

"आजी, हे काढावंच लागेल," सयाजी म्हणाला. "फरशी मोकळी करून द्यायची आहे."

"काढ की. म्या कुटं न्हाई म्हणते?"

त्यानं ते तुकडे सगळ्यांत शेवटी काढले. मग सबंध हॉल त्यानं स्वतः पुसला, आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं, मग पुन्हा कोरड्यानं. बॅटरी आडवी मारली. तीस फूट पांढरी, कोरडी, निष्कलंक फरशी. तिच्यात छताचा पंखा उलटा दिसत होता, आणि पंख्याखाली कोणीही नव्हतं.

नवाब टेम्पो सुरू करायला गेला. सयाजी चपला घालायला दाराशी आला आणि सहज मागे वळून पाहिलं.

डॉक्टरांनी खाली बसायला सक्त मनाई केली असताना अंबूबाई खोलीच्या दारात भुईवर बसली होती, पाय लांब करून. फरशीवर तिनं हात पालथा ठेवला होता. मग तो उताणा केला, बोटं जरा वाकवली आणि तशीच बसून राहिली. तोंडानं ती हलक्या आवाजात च्यक् च्यक् करत होती.

थोड्या वेळानं ती हसली, हात उचलला आणि लुगड्याच्या पदराला पुसला.

पदरावर ओला डाग पडला.